मामंजींच्या नावाचे तानपुरे

“आजी, हे बारा शब्द म्हणजे तुझी सही. कुणाला सांगायचे नाहीत. मला नाही, बाबांना नाही, देवालासुद्धा नाही.”

केतकीने माझ्या हातात कागद ठेवला. त्यावर बारा इंग्रजी शब्द होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध म्हणून नव्हता. मी मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आलेली आहे, हे ही मुलगी विसरली असावी, कारण प्रत्येक शब्दाखाली तिने देवनागरीत उच्चार लिहून दिला होता.

“आणि हा कागद हरवला तर?”

“तर संपलं. दुसरी सही मिळत नाही.”

“मग ही सही माझ्याच स्वभावाची दिसते,” मी म्हटले.

मिरजेतील आमच्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. कारखाना हा शब्द मोठा आहे. दोन खोल्या, भोपळे टांगायला एक माळा आणि मागे लाकूड वाळवायचे पत्र्याचे शेड. एवढ्याच जागेतून माझ्या सासऱ्यांचे, रामलिंग मेस्त्रींचे नाव धारवाडपासून कलकत्त्यापर्यंत गेले. मी त्यांना मामंजी म्हणत असे. बासष्ट साली मी या घरात आले, तेव्हा अठरा वर्षांची होते. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली आणि म्हणाले, “सूनबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. आमच्या तानपुऱ्यांची जन्मनोंद तुम्ही लिहायची.” त्या दिवसापासून या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वाद्याची नोंद माझ्या हातची होती. भोपळा कोणत्या मळ्यातला, तुणाचे लाकूड कधी कापलेले, भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली कोणत्या महिन्यात बसवली, घडवणार कोण. त्यांनी आपल्या आधीच्या तानपुऱ्यांचीही नोंद आठवून आठवून मला सांगितली आणि मी ती लिहून घेतली.

दोन हजार पाचच्या महापुरात कृष्णाघाटाजवळच्या आमच्या गुदामात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर वह्यांच्या जागी पेंड भिजवावी तसा लगदा होता. मी तो हातात घेतला, पिळला आणि टाकून दिला. रडले नाही. परंतु त्या दिवसापासून कुणी “रामलिंग मेस्त्रींचा तानपुरा” म्हणून एखादे लाकूड दाखवले, की खरे-खोटे सांगायला माझ्या जिभेखेरीज काही उरले नाही, हे मला रात्रंदिवस बोचत होते.

म्हणून पुण्याला संगणकाच्या कंपनीत काम करणारी माझी नात महिनाभर घरून काम करायला आली आणि “आजी, अशी एक वही आहे, जी पुरात बुडत नाही,” असे म्हणाली, तेव्हा मी तिला समोर बसवून घेतले.

“हे सगळे तू लिहिलेस?” पडद्यावरच्या रंगीत ओळींकडे पाहून मी विचारले.

“सगळं कुठलं, आजी! जावास्क्रिप्टची एक लायब्ररी आहे. म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी आधीच घडवून ठेवलेल्या हत्यारांची पेटी समज. आपलं ॲप इकडे आणि ब्लॉकचेनची वही तिकडे. मधला रस्ता ही पेटी करते. मी म्हणायचं, ‘एवढं लिही.’ ती नोंद बांधते, तिच्यावर तुझी सही लावते, वहीकडे पाठवते आणि पोचली की पावती आणून देते.”

“वही असते कुठे?”

“हजारो ठिकाणी. एकाच मजकुराच्या हजारो प्रती. एक गेली तरी बाकीच्या राहतात. आणि एकदा ओळ लिहिली, की ती कुणालाच खोडता येत नाही. लिहिणाऱ्यालासुद्धा.”

कोपऱ्यात कासीमभाई घोडीवर कानस फिरवत होते. तानपुऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा केसाकेसाने घासून सूर उघडायचा, याला जवारी काढणे म्हणतात. आणि मिरजेत त्या वेळी कासीमभाईंसारखी जवारी दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यांचे वडील बाबूलाल मिस्त्री मामंजींकडे कामाला होते. कासीमभाई दहा-बारा वर्षांचे असल्यापासून त्याच कोपऱ्यात बसत आलेले.

“आन् लिहिणाराच चुकला तर, बेटा?” त्यांनी मान वर न करता विचारले.

“तर चूकही राहते, चाचा.”

“मग आमच्या जवारीसारखंच झालं की. एक हात जास्ती बसला, का गेली घोडी.”

“तुम्ही घोडीकडे लक्ष द्या,” मी म्हटले. “लिहिणारी मी आहे.”

ते हसले. “म्हणून तर विचारलं, वैनी.”

पहिल्या आठवड्यात मी मामंजींचे सतरा जुने तानपुरे त्या वहीत चढवले. जे आजही कुणाकुणाच्या घरी आहेत, ज्यांची छायाचित्रे आम्हांला मिळाली, तेवढेच. मी डोळे मिटून सांगत होते आणि केतकी टाइप करत होती. नाव, साल, लाकूड, भोपळा. घडवणार, रामलिंग मेस्त्री. सहीची वेळ आली की ती खुर्चीवरून उठे आणि मी एका बोटाने बारा शब्द भरत असे. पावती पडद्यावर उमटली की माझ्या छातीत काहीतरी भरून येई. पासष्ट सालच्या तानपुऱ्याची नोंद चालली असताना कासीमभाई हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळावर उभे राहिले. वयाप्रमाणे पाय आखडले असतील, असे मी मनाशी म्हटले.

एका सहीला मला दहा मिनिटे लागत. चौथ्या दिवशी माझा मुलगा नागेश दारात उभा राहून पाहत होता. कारखाना तोच चालवीत असे.

“केतकी, किती छळशील आजीला? तिची सही ॲपमध्येच ठेवून दे की. बटण दाबलं, झालं.”

“तसं करायचं नसतं, बाबा. मग त्या संगणकावर बसणारा कुणीही आजीची सही करेल.”

“कुणीही म्हणजे कोण? मी? कासीमचाचा?”

केतकीने माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवते. “ठेव. या घरात माझी सही करण्याची छाती अजून कुणाची झालेली नाही.”

तिने ठेवली. तिचा त्यात दोष नाही. आमच्या घरी मामंजींचा पितळी शिक्कासुद्धा आयुष्यभर उघड्या खणात पडलेला असे. कुलूप लावणे म्हणजे घरच्यांवर अविश्वास, असे आम्ही मानत आलो आणि त्याला घराण्याची रीत म्हणत आलो.

केतकी पुण्याला परतल्यावर पाच महिन्यांनी, माघात एके दिवशी सकाळी मालविकाबाई नाडकर्णी आल्या. बेळगावच्या, गाणाऱ्या, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांच्या गुरूंचा तानपुरा त्यांच्याकडे होता, आणि त्या वर्षातून एकदा जवारीसाठी तो आमच्याकडे आणत. माझ्या सतरांतला तो पासष्ट सालचा. त्या दिवशी मात्र त्या चप्पल काढता काढताच माझ्या पाया पडायला वाकल्या.

“अक्का, तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या गुरुबाई मरेपर्यंत म्हणत होत्या, या तानपुऱ्याला जोड मिळाली असती, तर मंडपात आग लागली असती! आणि ती जोड तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवलीत!”

“कोणती जोड?”

“म्हणजे काय? चौसष्टचा! तुमच्या मामंजींचा!” त्यांनी फोन पुढे केला. “ही काय, तुमचीच सही आहे खाली. ही बघून तर मी होकार दिला. नागेशराव म्हणाले, अक्कांनी स्वतः नोंद केली आहे.”

मी चष्मा लावला. पडद्यावर सगळे यथासांग होते. तूण, भोपळ्याचा मळा, साल एकोणीसशे चौसष्ट. घडवणार, रामलिंग मेस्त्री. खाली माझी सही, आणि नोंद केल्याची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी मी मिरजेत नव्हते. भाचीच्या लग्नाला निपाणीला गेले होते.

“नागेश,” मी हाक मारली. आवाज चढवला नाही. माझा आवाज चढत नाही, तेव्हा घरातले लोक हातातले काम खाली ठेवतात. “चौसष्टचा तानपुरा बाहेर आण.”

तो आला, तानपुरा आणला. चेहरा असा, जणू मीच काहीतरी विसरले आहे.

“अगं, मी सांगायचं राहिलं. निपाणीच्या एका घरातून आला. तू लग्नाच्या गडबडीत होतीस.”

“मी निपाणीतच होते. कुणाच्या घरातून?”

 मी तानपुरा मांडीवर आडवा घेतला. दिसायला देखणा होता. खोटे नेहमीच देखणे असते. तबलीवर साठ वर्षांचा असावा तसा तपकिरी रंग, खुंट्यांच्या मुळाशी काजळी, भोपळ्याला बारीक चिरा. मी पदराचे टोक तोंडात ओले केले आणि गळ्याच्या मागच्या बाजूला घासले. पदर तांबूस झाला. नाकाशी धरला. लाकूड जुने दिसावे म्हणून फासतात त्या पोटॅशियमच्या जांभळ्या खड्यांच्या पाण्याचा तो उग्र, दवाखान्यासारखा वास आणि त्याखाली जुन्या कॉफीचा आंबूस वास.  मी सांगते, मेलेल्या माणसाच्या तोंडाला कुणी रंग फासून त्याला गादीवर बसवावे आणि गिऱ्हाइकांना नमस्कार करायला लावावा, तसे मला झाले.

“कासीमभाई, सुरी तापवा.”

“आई!” नागेश पुढे झाला. “गिऱ्हाइकासमोर काय चाललंय हे?”

“गिऱ्हाइकासमोरच. कासीमभाई, ऐकलेत ना?”

कासीमभाईंनी स्पिरिटच्या दिव्यावर पातळ सुरी धरली. मी मालविकाबाईंना सांगितले, “बाई, आमच्या मामंजींच्या काळी तबली सरसाने चिकटवत. जनावराच्या कातड्याचा सरस. गरम सुरी लावली, की तो लोण्यासारखा सुटतो आणि घरभर घाण वास सुटतो. शंभर वर्षांनीही सुटतो. आता पाहा.”

सुरी सांध्यावर टेकली. वास आला नाही. सांध्यातून पांढरट, चिवट तंतू निघाला, चघळून थुंकलेल्या च्युइंगगमसारखा, आणि सुरीबरोबर ताणत बाहेर आला.

“हा बाजारातला पांढरा डिंक,” कासीमभाई हलकेच म्हणाले. “चौसष्टात आमच्याकडं हा नव्हता, बाई.”

मालविकाबाई खाली बसल्या. 

मागच्या दारात केतकी उभी होती. ती त्या दिवशी सुटीवर घरी आलेली. “आजी, थांब,” म्हणून तिने लॅपटॉप उघडला आणि वहीतल्या माझ्या सहीच्या सगळ्या नोंदी ओळीने पुढे घेतल्या. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

“तू केलेल्या सतरा. त्यानंतर… अजून नऊ आहेत. सगळ्या पणजोबांच्या नावावर. सगळ्या गेल्या पाच महिन्यांतल्या.”

“नऊ?”

“हो. आणि सगळ्यांवर तुझी सही.”

“पूस त्या.”

“आजी…”

“मी सांगते आहे, पूस.”

“पुसता येत नाही गं.” तिच्या डोळ्यांत पाणी आले. “लायब्ररीचा काही दोष नाही. तिला जी सही दिली, ती तिने लावली. मी ती तिथे ठेवायलाच नको होती.”

“तू नाही. मी ठेवायला लावली.” मग मी मुलाकडे वळले. “बोल.”

“काय बोलू?” आता त्याने मान वर केली. “तुला वाटतं, लोक सूर घेतात? लोक नाव घेतात. आमच्या हाताने केलेला तानपुरा तेवढाच गातो, पण त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आजोबांचं नाव लावलं, की तीच माणसं पायावर डोकं ठेवतात. ह्या आत्ता तुझ्या पाया पडल्या ना? लाकडाच्या नाही पडल्या.”

“म्हणून मेलेल्या माणसाच्या हातून लाकूड कापून घेतलेस? लाज वाटली नाही? वांती येते मला तुझ्याकडे बघून.”

“येऊ दे.” तो पांढराफटक पडला होता, पण मागे हटला नाही. “हात कुणाचा का असेना, नाव घराचं. हे मी कुठे शिकलो, ते स्वतःला विचार, आई.”

कोपऱ्यातील कानशीचा आवाज थांबला. मला तेव्हा कळले, की इतका वेळ कासीमभाई पुन्हा घोडी घासत बसले होते. कान मिटून घेता येत नाहीत, म्हणून हात चालू ठेवावेत, तसे.

मी नागेशकडे पाठ केली. मी केतकीला विचारले, “पुसता येत नाही. मग काय करता येते?”

“नवी नोंद करता येते. ‘अमुक क्रमांकाची नोंद खोटी आहे,’ अशी. ती त्या नोंदीला जोडली जाते. ज्याने जुनी वाचली, त्याला नवीही दिसते. कायमची.”

“तुझ्या डोक्यात तरी काही आहे का?” नागेश मुलीवर ओरडला. “नऊ खोट्या म्हटल्यावर बाकीच्या सतरांवर कोण विश्वास ठेवणार? हे घर संपेल! आजोबांचं नाव मातीत जाईल. आई, तुझ्या हातानं जाईल!”

तेवढ्यात मालविकाबाई उठल्या. आपला जुना तानपुरा त्यांनी भिंतीशी टेकवून ठेवला होता. त्यांनी त्याच्या भोपळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. एखाद्या लहान मुलीने विचारावे तसे त्यांनी विचारले,

“अक्का, ते नऊ राहू देत. मला नको ते. पण आमच्या बाईंचा… हा तरी तुमच्या मामंजींच्या हातचा आहे ना? याची नोंद तर तुम्ही स्वतः केलीत.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक कासीमभाई सोडून. ते घोडीवरची हाडाची भुकटी फुंकून टाकत होते. वर पाहत नव्हते. मला सोडवायला पाहत नव्हते आणि अडकवायलाही नाही. पंचावन्न वर्षे त्यांनी असेच पाहिले नव्हते.

“हो” म्हणायला मला अर्धा श्वास पुरला असता. ती बाई डोळे पुसून घरी गेली असती. नागेशला मी चार दिवसांनी काय ते सुनावले असते; नऊ नोंदी कुठल्यातरी तांत्रिक चुकीच्या खाती घातल्या असत्या, आणि मी पुन्हा रामलिंग मेस्त्रींच्या घराची राखणदार म्हणून मिरवले असते. माझे तोंड उघडले. 

त्रेसष्टच्या हिवाळ्यात मामंजींचा उजवा हात कापू लागला होता. कपातला चहा बशीत सांडे, बशीतला धोतरावर. त्यानंतर एकाहत्तर साली ते जाईपर्यंत या कारखान्यातला एकही तानपुरा त्यांनी घडवला नाही. घडवले बाबूलाल मिस्त्रींनी. दांडी त्यांनी तासली, तबली त्यांनी बसवली, जवारी त्यांनी काढली. मामंजी शेजारी बसून ऐकत आणि “हं” म्हणत. आणि संध्याकाळी मी वही उघडली, की मामंजी सांगत, “घडवणार, रामलिंग.” पहिल्यांदा माझा टाक थांबला होता. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी लिहिले. दुसऱ्यांदा टाक थांबला नाही. तिसऱ्यांदा ते मला सांगायचीही गरज उरली नाही. बाबूलाल मिस्त्री उंबऱ्याशी बसून आमच्या घरचा चहा त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात पीत, आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर, वळणदार अक्षरात, त्यांचे काम दुसऱ्याच्या नावावर लिहीत असे. त्यांना वाचता येत होते.

कृष्णेने ती वही खाऊन टाकली, तेव्हा खरे तर माझी सुटका झाली होती. आणि मी काय केले? चौऱ्याहत्तराव्या वर्षी, डोळे मिटून, अभिमानाने, तीच ओळ पुन्हा सांगितली. आणि या खेपेला अशा जागी लिहिली, की जिथून ती देवालाही पुसता येऊ नये.

“नाही, मालविकाबाई,” मी म्हटले. “हा कासीमभाईंच्या वडिलांनी घडवला. बाबूलाल मिस्त्रींनी. मला तेव्हाही ठाऊक होते आणि नोंद करतानाही.”

 नागेशच्या तोंडावर क्षणभर समाधान दिसले, आणि मग तेही गेले. त्याला मला गप्प करायचे होते. बोलते करायचे नव्हते.

मालविकाबाईंनी तानपुऱ्यावरचा हात काढला. मग त्या कासीमभाईंकडे गेल्या आणि इतकेच म्हणाल्या, “तुम्ही दरवर्षी याची जवारी काढलीत. एकदाही बोलला नाहीत.”

“बोलायचं काय त्यात, बाई. अब्बांचा हात होता. हातात आला, की मला कळायचं. तेवढं पुरे होतं.”

“पुरे नव्हते,” मी म्हटले. “केतकी, लॅपटॉप इथे आण. ती ठेवलेली सही आधी काढून टाक. मी माझ्या बोटांनी करीन.”

“आई, मी पाया पडतो तुझ्या,” नागेश म्हणाला. आणि खरोखरच पडला. माझा पन्नाशीचा मुलगा, लाकडाच्या भुशात गुडघे टेकून. “नऊ लिही. माझे नऊ लिही. पण ते जुने नको. घरच राहणार नाही आपलं.”

मी पाय मागे घेतले. त्या वेळी मला त्याचा जितका तिटकारा आला, तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता; आणि तो तिटकारा नेमका माझ्याच तोंडवळ्याचा होता, म्हणून तो मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

त्या दुपारी मी वीस नोंदी केल्या. नऊ माझ्या मुलाच्या, अकरा माझ्या. प्रत्येकीत केतकीला एकही शब्द सौम्य करू दिला नाही. तिने एकदा “चुकून नोंदवले गेले” असे टाइप केले; मी ते काढायला लावले. “‘जाणूनबुजून खोटे लिहिले,’ असे घाल. आणि खाली नाव माझे.” अकरांच्या पुढे लिहिले, घडवणार बाबूलाल मिस्त्री. प्रत्येक वेळी बारा शब्द. प्रत्येक वेळी दहा मिनिटे. मालविकाबाई गेल्या नाहीत. माझ्या शेजारी पाट घेऊन बसल्या. नागेश मागच्या शेडमध्ये गेला आणि तिकडून परस्पर कुठे गेला, ते मी विचारले नाही.

या गोष्टीला आता सात वर्षे होतील. नागेश कोल्हापूरला फर्निचरचे दुकान चालवतो. दिवाळीला फोन करतो आणि केतकीशी बोलून ठेवतो. त्याने म्हटले होते तसे आमचे नाव संपले नाही, पण पूर्वीचेही राहिले नाही. लोक येतात, तबली उलटीसुलटी करून पाहतात, नाक लावून वास घेतात. घेऊ देत. ते माझ्या तोंडावर वास घेतात, ही शिक्षा मला मान्य आहे.

परंतु त्या दिवशीचे सगळे सांगून झालेले नाही.

विसावी पावती आली, तेव्हा उन्हे भिंतीवर चढली होती. माझी बोटे ताठरली होती. केतकीने पडदा कासीमभाईंकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला, जवळ सरकले आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचली. वडिलांचे नाव आले की बोट तिथे क्षणभर थांबे. शेवटच्या ओळीपाशी पोचून त्यांनी चष्मा काढला.

“वैनी, एक सांगू? रागवायचं नाही.”

“आज मी रागवायच्या लायकीची उरलेली नाही. सांगा.”

“अकरा नव्हेत. तेरा आहेत.”

“त्रेसष्टनंतरचे सगळे झाले, कासीमभाई. मी एकही सोडला नाही.”

“कंप त्रेसष्टात बाहेर दिसायला लागला. रामलिंगअण्णांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याच्या आदल्या साली सुरू झालेला. बासष्टात दोन तानपुरे झाले. तेसुद्धा अब्बांचेच. मी पॉलिशचा बोळा धरून शेजारी बसलेलो.”

बासष्ट. ज्या साली मी या घरात आले. त्या वर्षीचा एक तानपुरा सोलापूरला गेला, तो माझ्या सतरांत होता. दुसराही सतरांत होता, पण तो कुठेच गेला नाही. तो माझ्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात होता. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मामंजींनी तो माझ्या हातात देऊन म्हटले होते, “सूनबाई, हा मी तुमच्यासाठी केला.” छप्पन्न वर्षे मी त्याची काच दररोज स्वतः पुसत आले होते, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

“कपाटातला, तोही?” मी विचारले.

कासीमभाईंनी मान खाली घातली. “तोही, वैनी. पण अब्बांनी तो फार मनानं केला होता. म्हणाले होते, घरात नवी पोर आली आहे.”

 मी खुर्ची पुढे ओढली.

“केतकी, नवी नोंद उघड,” मी म्हटले. “साल एकोणीसशे बासष्ट.”